आपल्या बंदराच्या सुरक्षेसाठी सरकारच्या मागे कसं लागायचं, सुरुवातीपासून सांगतो

देशाची सुरक्षा म्हटलं की आपल्याकडे लोकांच्या डोळ्यासमोर काश्मीर येतं, लडाख येतं, फार तर एखादं लढाऊ विमान. कोकण येत नाही. पण गेल्या पस्तीस वर्षांत मुंबईवर जे दोन सगळ्यात मोठे घाव झाले त्या दोन्हीची वाट समुद्रातून आली. १९९३ च्या जानेवारीत रायगडातल्या दिघीला आणि फेब्रुवारीत शेखाडीला शस्त्रं आणि स्फोटकांचा माल उतरला, आणि १२ मार्चच्या बॉम्बस्फोटांत मुंबईत २५७ माणसं गेली. २००८ ला दहा जण कुबेर नावाचा पोरबंदरचा ट्रॉलर पळवून आले, शेवटचा टप्पा रबरी होडीतून मारून कफ परेडच्या मच्छीमार कॉलनीत उतरले, १६६ लोक गेले. यावर सभा होतात, २६ नोव्हेंबरला मेणबत्त्या लागतात, शहिदांना श्रद्धांजली वाहतो, ते केलंच पाहिजे, पण आपल्या गावच्या जेट्टीवरच्या पोलीस बोटीच्या डिझेलला आणि दुरुस्तीला किती पैसे मिळाले हे लेखी विचारणारे लोक फार कमी. आणि ते विचारायला कुठलीही मोठी ओळख लागत नाही. कसं विचारायचं, कोणाला विचारायचं आणि उत्तर नाही आलं तर पुढे काय, तेच इथे लिहितोय. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत कुणालाही वापरता येईल.

आधी विषय छोटा करा

"किनारपट्टीची सुरक्षा वाढवा" असं निवेदन कुणालाही द्या, साहेब ते घेतील, फोटो काढतील आणि फाईल बंद होईल, कारण त्यात करण्यासारखं काहीच नसतं. तुमचं एक बंदर धरा, किंवा एक खाडी, किंवा मासळी उतरते ती एक जागा. मग तिथे काय नाही ते लिहून काढा. जेट्टी आहे का, असली तर ओहोटीला बोट सुटते का? रात्री दिवे असतात का? सुरक्षा रक्षक नेमलाय का, त्याला बसायला जागा आणि बोलायला वायरलेस आहे का की स्वतःच्या मोबाईलवर काम चाललंय आणि तिथे रेंज नाही? सागरी पोलीस ठाण्याची बोट कुठे असते?

ओहोटीचं मुद्दाम सांगतोय. हे किनाऱ्यावर राहणाऱ्यालाच कळतं, मंत्रालयात बसून कळत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच खाड्यांच्या तोंडाला गाळ इतका साठलाय की सुकती लागली की गस्तीची बोट चिखलात बसते. मग बातमी आली तरी तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला, भरतीची वाट बघावी लागते, तोपर्यंत समोरचा कुठच्या कुठे गेलेला असतो. कागदावर बोट आहे, इंजिन आहे, माणूस आहे आणि पाणी नाही. म्हणजे गाळ काढणं हा पण सुरक्षेचाच विषय झाला, आणि ते काम पोलिसांचं नाही, सागरी मंडळाचं. त्यामुळे आधी कोणाचं काय ते समजून घ्यावं लागतं, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

कोणाचं काय काम आहे

सगळं गृहखात्यावर टाकून चालत नाही. घटनेनुसार पोलीस हा राज्याचा विषय आणि संरक्षण केंद्राचा. किनाऱ्यापासून १२ नॉटिकल मैलांपर्यंत सागरी पोलिसांची हद्द, तटरक्षक दल आणि नौदल त्या पट्ट्यात पण असतात आणि त्याच्या पुढे २०० मैलांपर्यंतही तेच. १२ मैलांच्या आतली मासेमारी राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे. जेट्ट्या आणि छोटी बंदरं महाराष्ट्र सागरी मंडळाकडे. तस्करी कस्टम्सकडे. मुंबई बंदर आणि जेएनपीए, म्हणजे न्हावा-शेवाचं बंदर, केंद्राकडे. बोटींचं रजिस्ट्रेशन मत्स्यव्यवसायकडे, आणि त्याच बोटीवरचे खलाशी कोण, कुठले, हे बघायचं पोलिसांनी. एकाच जेट्टीवर एवढे सगळे, आणि त्यांचे साहेब वेगवेगळ्या शहरात.

२६/११ नंतर केंद्राने ठरवलं की एकूण जबाबदारी नौदलाची, किनाऱ्यालगतच्या समन्वयाची तटरक्षक दलाची. चांगलं केलं. रडारची साखळी उभी राहिली, पहिल्या टप्प्यात ४६ ठिकाणी, त्यातली बरीचशी दीपगृहांवर. पण या सगळ्यांना एका जागी बांधणारा राष्ट्रीय सागरी सुरक्षा समन्वयक नेमायला २०२२ चा फेब्रुवारी उजाडला. तेरा वर्षं लागली त्याला! मी म्हणतो व्यापक कारवाई हवी ती या अर्थाने, नुसत्या जास्त बंदुका नकोत, ही सगळी खाती एकाच वेळी हलली पाहिजेत.

पैशाचं पण एक कळलं पाहिजे. केंद्राची किनारी सुरक्षा योजना २००५ ला आली, पहिल्या टप्प्यात देशभरात ७३ सागरी पोलीस ठाणी आणि २०४ बोटी. २०११ पासून दुसरा टप्पा, त्यात आणखी १३१ ठाणी आणि ६० जेट्ट्या मंजूर. पहिल्या टप्प्यात केंद्राने बोट दिली, बांधकामाला पैसे दिले, डिझेल आणि दुरुस्तीला पहिली काही वर्षं मदत दिली, पण माणसं राज्याने द्यायची आणि नंतरचं डिझेलही राज्याच्या बजेटमधून. बोटी आल्या तेव्हा उद्घाटनं झाली, पेपरात फोटो आले. त्यानंतर दरवर्षी डिझेलला किती पैसे मंजूर होतात, इंजिनचे सुटे भाग किती महिन्यांनी येतात, बोट चालवायला पोहता येणारे, समुद्र कळणारे पोलीस भरलेत का, याचा कुठे फोटो निघत नाही. पण खरी सुरक्षा याच्यावरच चालते. म्हणून प्रश्न विचारताना तुमचा नेम इथे पाहिजे.

माहिती अधिकार, पण डोकं लावून

इथे बहुतेक लोक फसतात म्हणून जरा सविस्तर सांगतो. तुम्ही विचारलंत की "आज किती बोटी चालू आहेत, गस्त किती वाजता असते, रडार कुठे कुठे आहे", तर देशाच्या सुरक्षेची माहिती रोखणारं कलम ८(१)(क) लावून अर्ज फेटाळला जाईल आणि बरोबरच फेटाळला जाईल. ती माहिती बाहेर येता कामा नये. असे प्रश्न विचारून आपणच शत्रूचं काम करतो. आपल्याला गस्तीची वेळ नकोय, आपल्याला सरकारने पैसे आणि माणसं दिली का हे हवंय. म्हणून झालेल्या वर्षांबद्दल विचारा, आणि रुपयांत आणि पदांत विचारा. उदाहरणार्थ असं लिहा:

"आपल्या जिल्ह्यातील सागरी पोलीस ठाण्यांसाठी मागील तीन आर्थिक वर्षांत (१) गस्ती नौकांच्या इंधनासाठी मागणी केलेली, मंजूर झालेली व प्रत्यक्ष खर्च झालेली रक्कम वर्षनिहाय, (२) नौकांच्या दुरुस्ती व देखभालीवरील खर्च वर्षनिहाय, (३) नौका चालक व तांत्रिक कर्मचाऱ्यांची मंजूर पदे व ३१ मार्च रोजी भरलेली पदे यांची माहिती मिळावी. माहितीचा काही भाग सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नसल्यास कलम १० नुसार तो वगळून उर्वरित माहिती द्यावी."

शेवटचं वाक्य विसरू नका. त्याने अख्खा अर्ज एका फटक्यात नाकारणं अवघड होतं. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर असावा लागतो, म्हणून पोलिसांचा वेगळा, मत्स्यव्यवसायचा वेगळा, सागरी मंडळाचा वेगळा. अर्जावर १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावा, किंवा राज्याच्या ऑनलाईन पोर्टलवरून भरा. पोलिसांचा अर्ज जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला. ३० दिवसांत उत्तर यायला पाहिजे. नाही आलं किंवा गोलमाल आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपये, त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे. त्यानेही नाही झालं तर ९० दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं अपील, तिथे वेळ लागतो पण पहिल्या अपिलातच बऱ्याचदा कागद बाहेर येतात.

मत्स्यव्यवसायला काय विचाराल? जिल्ह्यातल्या किती मासेमारी बोटींना ट्रान्सपॉन्डर बसले. हे महत्त्वाचं आहे, कारण ३० ऑगस्ट २०२४ ला पंतप्रधानांनी पालघरला येऊन याच योजनेची सुरुवात केली, देशभरात एक लाख बोटींवर इस्रोने बनवलेलं यंत्र फुकट बसवायचं. बोटीचं ठिकाण कळतं, दोन्हीकडून मेसेज जातो, हद्दीजवळ गेलं की इशारा येतो. लहान लाकडी किंवा फायबरची होडी रडारवर धड ओळखू येत नाही, म्हणून आपली बोट कुठली आणि परकी कुठली हे कळायचा हाच मोठा मार्ग. सागरी मंडळाला विचारायचं खाडीच्या तोंडाचा गाळ शेवटचा कधी काढला, किती खर्च आला, जेट्टीवर दिव्यांची सोय कधी मंजूर झाली.

ग्रामसभेचा ठराव

लोक ग्रामसभेला कमी लेखतात. एकट्याच्या अर्जाला आणि गावाच्या ठरावाला सरकारी टेबलावर वेगळं वजन असतं. वर्षाला निदान चार ग्रामसभा होतातच, विषय आधी लेखी द्या, म्हणजे अजेंड्यावर येईल, ऐनवेळच्या विषयात टाकलं तर टोलवतात. सूचक आणि अनुमोदक दोघं मच्छीमार संस्थेतले असले तर उत्तम. ठरावात भाषण नको, तीन ओळीत मागणी: अमुक जेट्टीवर अमुक दिवे, अमुक ठिकाणचा गाळ, सुरक्षा रक्षकाचं पद आणि वायरलेस संच. मग ग्रामपंचायतीकडून ठरावाची नक्कल सहीशिक्क्यानिशी घ्या आणि जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, सहायक आयुक्त मत्स्यव्यवसाय, सागरी मंडळ, आमदार, खासदार सगळ्यांना एकाच दिवशी द्या. प्रत्येकाच्या पत्रावर खाली बाकीच्यांची नावं प्रत म्हणून लिहा. एका खात्याला कळलं पाहिजे की हाच कागद दुसऱ्याच्याही टेबलावर आहे. आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय तिथून हलायचं नाही, पुढचं सगळं त्या नंबरावर चालतं.

एक सांगून ठेवतो, जिल्हा लोकशाही दिनात हा विषय नेऊ नका, तिथे वैयक्तिक तक्रार लागते, सार्वजनिक मागणी परत पाठवतात आणि महिना फुकट जातो. त्यापेक्षा जिल्हा नियोजन समितीची बैठक कधी आहे ते काढा आणि पालकमंत्र्यांकडे ठराव पोचवा, कारण दिवे, छोटी जेट्टी, रक्षकाची चौकी अशा कामांना तिथून पैसे निघू शकतात.

आमदार आणि खासदार, कुणाला काय

इथे लोक उलटंपालटं करतात. पोलिसांची पदं, डिझेल, जेट्टी, गाळ, १२ मैलांच्या आतली मासेमारी हे आमदाराकडे, त्यांनी तारांकित प्रश्न टाकायचा किंवा लक्षवेधी मांडायची. ट्रान्सपॉन्डर, तटरक्षक दल, रडार, योजनेचा पुढचा टप्पा आणि त्याचे पैसे हे खासदाराकडे. आमदाराला "सुरक्षेवर आवाज उठवा" म्हणू नका, प्रश्नच टाईप करून द्या, आणि सोबत आरटीआयचं उत्तर जोडा. पीएला तयार मजकूर मिळाला की काम होतं, हे अनुभवाचं आहे. प्रश्न अधिवेशनाच्या बऱ्याच आधी द्यावे लागतात, म्हणून नागपूरच्या हिवाळी अधिवेशनासाठी कागद दिवाळीच्या आधी त्यांच्या हातात पाहिजे. उत्तर आलं की ते छापील असतं आणि त्यात मंत्र्यांनी मुदत दिली असेल तर ती पुढच्या वेळी कामाला येते. लोकसभेत आधी काय काय विचारलंय ते संसदेच्या साईटवर सगळं सापडतं, गृहमंत्रालयाची उत्तरं वाचून मगच प्रश्न बनवा, नाहीतर जुनंच उत्तर परत मिळेल.

पावसाळ्याचा मुद्दा जरूर टाका

हा कुणी फारसा मांडत नाही आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. २०११ ला पवित नावाचं जहाज, जूनच्या शेवटी ओमानजवळ खलाशांनी सोडून दिलेलं, महिनाभर एकटं वाहत आलं आणि जुलैच्या शेवटच्या दिवशी थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतलं. तेव्हा नौदल, तटरक्षक दल, पोलीस, रडार सगळ्यांवर चर्चा झाली. मग १८ ऑगस्ट २०२२, हरिहरेश्वर. लेडी हान नावाची नौका लागली, आत तीन एके-४७. दहीहंडीच्या आदल्या दिवशी अख्ख्या रायगडात नाकाबंदी. चौकशीत कळलं की ती एका ऑस्ट्रेलियन बाईंची, मस्कतहून युरोपला निघालेली, जूनमध्ये इंजिन बिघडलं, माणसांना वाचवलं आणि नौका तशीच सोडली. घातपात नव्हता, सुदैव. पण म्हणजे अकरा वर्षांनी तेच झालं, ओमानच्या बाजूने, पावसाळी वाऱ्याबरोबर, कितीतरी दिवस वाहत, आणि आपल्याला ती दिसली ती किनाऱ्याला लागल्यावर.

कारण साधं आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यानंतरही समुद्र खवळलेला, बोटी किनाऱ्याला. इतर वेळी समुद्रात हजारो मच्छीमारांचे डोळे असतात, पावसाळ्यात ते नसतात, आणि पोलिसांच्या लहान बोटी त्या लाटांत जाऊ शकत नाहीत. म्हणून मागणी अशी करा की या महिन्यांसाठी वेगळा आराखडा हवा: तटरक्षक दलाच्या मोठ्या जहाजांची आणि विमानांची जास्त गस्त, राज्याने २०२५ च्या जानेवारीत मासेमारीवर नजर ठेवायला ड्रोन सुरू केले त्यांची माहिती पोलिसांनाही लगेच मिळेल अशी सोय, आणि समुद्रात सोडून दिलेल्या प्रत्येक जहाजाची खबर जिल्ह्याच्या कंट्रोल रूमपर्यंत पोचायची पक्की पद्धत. आराखडा गोपनीय असू दे, पण तो आहे का आणि कुठल्या खात्याच्या सहीने आहे एवढं विचारायचा आपल्याला हक्क आहे.

मच्छीमारांना बरोबर घेतल्याशिवाय काही नाही

२६/११ च्या रात्री त्या दहा जणांना पहिल्यांदा हटकलं ते कोळीवाड्यातल्या माणसांनी. तुम्ही कोण, कुठून आलात, असं विचारलं. त्यांना दमात घेऊन ते पुढे गेले. कायमचं लक्षात ठेवण्यासारखं आहे हे. आणि तरी आजही नाखव्याला, म्हणजे बोटमालकाला, ओळखीच्या कार्डासाठी, तपासणीसाठी, नोंदीसाठी इतकं फिरवलं जातं की त्याला वाटतं सरकारला आपलाच संशय आहे. संशयास्पद बोट दिसली म्हणून जाळं टाकायचं सोडून जो खबर देतो, मग जबाबासाठी दोन दिवस ठाण्यात बसतो, त्याचं डिझेल आणि बुडालेली मासळी कोण भरून देणार? ठरावात ही भरपाईची मागणी टाकाच. ट्रान्सपॉन्डरबद्दल पण भीती आहे की आपलं ठिकाण बघून दंडच लावतील. विभागाने संस्थेच्या बैठकीला येऊन लेखी सांगावं की ही माहिती कोण बघणार आणि कशासाठी वापरणार, मग लोक स्वतःहून यंत्र चालू ठेवतील.

बाहेरगावचे खलाशी, उत्तर प्रदेशचे, ओडिशाचे, रत्नागिरीकडे नेपाळचे, यांची कागदपत्रं नाखव्याने आणि संस्थेने नीट ठेवावीत, नोंद करावी, ती आपली जबाबदारी. पण नाव किंवा भाषा वेगळी म्हणून कुणाला जेट्टीवर घेरून मारहाण करणं हे सुरक्षेचं काम नाही, गुन्हा आहे. काही वेगळं दिसलं तर १०९३ वर सागरी पोलीस, १५५४ वर तटरक्षक दल, किंवा ११२. बोटीचा रंग, नंबर दिसला तर नंबर, तोंड कुठल्या दिशेला, किती माणसं, किती वाजता, एवढं सांगा. फोटो काढलात तर पोलिसांना द्या, गावच्या ग्रुपवर टाकू नका. तसंच रडार, दीपगृह, नौदलाची जागा, गस्तीची वेळ यातलं काहीही फोटो किंवा रील करून टाकायचं नाही, त्याला सरकारी गुपिते कायदा लागू शकतो आणि लाईकसाठी माहिती काढणारे समोर कोण आहेत हे आपल्याला कळत नसतं.

भ्रष्टाचाराचं पण उघड बोला. १९९३ ला दिघीहून निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडवल्या होत्या. अडवल्या आणि पैसे घेऊन सोडल्या. हे कोर्टात सिद्ध झालं, पोलीस आणि कस्टम्सच्या लोकांना शिक्षा झाल्या, २०१३ च्या निकालात सुप्रीम कोर्टाने पण कडक ताशेरे मारले. तेव्हा रडार नव्हतं हे खरं, पण त्या रात्री रडारची गरजच नव्हती, गाडी समोर उभी होती. म्हणून डिझेलची चोरटी विक्री, वाळू, बंदी असलेली एलईडी मासेमारी (प्रखर दिवे लावून मासे ओढायची) यात कुणी हात ओले करत असेल तर लाचलुचपत विभागाला १०६४ वर कळवा, "एवढं काय त्यात" म्हणून सोडून देऊ नका. डिझेलच्या बोटीला जी वाट मोकळी मिळते ती दुसऱ्यालाही मिळते.

नंतर काय करत राहायचं

एक फाईल करा, साधी, प्लॅस्टिकची चालेल, पावसापाण्यात भिजणार नाही अशी. त्यात आरटीआय, उत्तरं, ठराव, आवक क्रमांक, अधिवेशनातली उत्तरं तारखेप्रमाणे. दोघातिघांकडे तिची झेरॉक्स असू दे, सरपंच बदलतो, संस्थेचे चेअरमन बदलतात, साहेबांची तर बदली ठरलेलीच, फाईल तेवढी राहते. दर तीन महिन्यांनी एक स्मरणपत्र, जुना नंबर टाकून.

आणि सागर कवच सराव होतो ना, त्यात सुरक्षा यंत्रणांचीच माणसं घुसखोर बनून किनाऱ्यावर उतरायचा प्रयत्न करतात, तो झाला की आठवड्याभरात ठाण्यात जाऊन प्रभारी अधिकाऱ्यांना भेटा, सागर रक्षक दलातल्या, म्हणजे पोलिसांना मदत करणाऱ्या गावच्या स्वयंसेवकांतल्या, दोन पोरांना सोबत न्या. आपल्या किनाऱ्यावर कोण कुठून उतरलं हे ते उघड सांगणार नाहीत, सांगूही नये, पण गावाने काय बदलावं, कुठे दिवा हवा, कुठली पायवाट बंद करावी हे ते सांगू शकतात. ते लिहून घ्या आणि पुढच्या ग्रामसभेच्या अजेंड्याला विषय म्हणून द्या, सभेच्या किमान आठ दिवस आधी.